मिठाच्या पाकिटावरची तारीख

आमच्या घरात मिठाच्या पाकिटावर बॉलपेनने तारीख लिहिलेली असते. पाहुण्यांना वाटतं एक्सपायरी असेल, मग मी सांगते की हे पाकीट फोडलं त्या दिवसाची तारीख आहे, आणि मग त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. हे खूळ कुठून आलं ते आज सांगते, जरा लांबेल, चहा घेऊन बसा (बिनमिठाचा).

सुरुवात बाबांपासून. आम्ही गोव्यातल्या पेडण्याचे. बाबा रिटायर्ड मास्तर, गावच्या भजनात पेटीवर बसणारे, वय ६६, तब्येत बघाल तर माझ्यापेक्षा टणक. गेल्या वर्षी देवळाच्या मंडपात हेल्थ कॅम्प होता, म्हणजे एक बॅनर, दोन टेबलं, आणि शुगर-प्रेशर फुकट. बाबा काही तपासायला गेले नव्हते, ते गेले होते मंडपातल्या स्पीकरची वायर बघायला, पण नर्सबाईंनी ‘मास्तर या हो’ म्हणून बसवलं आणि रीडिंग आलं १६८/९८. घरी येऊन काय म्हणाले माहितीय? ‘शंभर अधिक वय, एकशे सहासष्ट, म्हणजे बरोबरच आहे की!’

हा शंभर अधिक वयाचा हिशोब अजून किती घरांत चालतो देव जाणे. एके काळी डॉक्टरसुद्धा असंच मानायचे, की वय वाढलं की नळ्या कडक होतात मग रक्त ढकलायला प्रेशर वाढायलाच हवं, ते उतरवायला जाऊ नका. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट, त्यांचं प्रेशर कितीतरी वर्षं चढत होतं, आणि १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले तेव्हा ३००/१९० होतं. तीनशे! देशातले सगळ्यात भारी डॉक्टर उशाशी. त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या गावातली पाच हजारांवर माणसं घेऊन ती वर्षानुवर्षं तपासत राहायचं असा अभ्यास सुरू झाला, आणि त्यातून हळूहळू कळलं की प्रेशर, सिगरेट, कोलेस्टेरॉल या गोष्टी आधी येतात आणि हार्ट अ‍ॅटॅक मागून. आज आपल्याला हे शाळकरी पोरासारखं पाठ आहे पण तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. बाबांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, ‘रुझवेल्ट पेटी वाजवायचा का?’ मास्तरांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पण एक गोष्ट बाबांच्या बाजूने सांगायला हवी. ते कॅम्पातलं रीडिंग घेतलं कसं होतं? रांगेत उभे, बाजूला लाऊडस्पीकर, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधलेला, हात लोंबकळत, आणि नर्सबाईंशी गप्पा चालू. नियम असा की मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला टेकवलेला, अर्धा तास आधी चहा-विडी नको, लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायचं, आणि बोलायचं नाही. यातलं एकेक चुकलं की आकडा वर जातो. म्हणून कॅम्पच्या एका आकड्यावर कोणी गोळी सुरू करू नये आणि कोणी बिनधास्तही राहू नये. आम्ही म्हापशाहून डिजिटल मशीन आणलं, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजलं, वहीत लिहिलं (वही अर्थात मास्तरांनी स्वतः आखली, लाल समास वगैरे), सरासरी आली १५२/९२. घरी मोजताना १३५/८५ च्या वर गेलं की जास्त धरतात, दवाखान्यात १४०/९०. म्हणजे खरंच होतं. हेल्थ सेंटरच्या डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ ची गोळी दिली, रोज एक.

दोन महिन्यांनी बाबांनी गोळी सोडली. कोणाला न सांगता. कारण? ‘मला बरं वाटतंय.’

इथेच या आजाराची सगळी गोची आहे. दाढ दुखली की माणूस रात्री बारा वाजता डेंटिस्ट शोधतो. प्रेशरला काहीच होत नाही. डोकं दुखतं, चक्कर येते म्हणतात पण बहुतेकांना तेही नाही. ज्याला काही होत नाहीये त्याला रोज गोळी घे म्हणायचं, आणि गोळीने मात्र काहीतरी होतं! बाबांचे पाय सुजायला लागले होते, घोट्यापाशी, अ‍ॅम्लोडिपिनने काहींना होतं ते. म्हणजे बाबांच्या हिशोबाने ‘आजाराने काय झालं नाही, औषधाने पाय सुजले.’ आता या वाक्यावर काय बोलणार. डॉक्टरांना सांगितलं असतं तर तेव्हाच बदलून मिळाली असती, नंतर मिळालीच, टेल्मिसार्टन, सूज गेली. पण आपल्याकडे डॉक्टरला उलट सांगायला माणूस लाजतो आणि गोळी सोडायला लाजत नाही.

मग आला पावसाळा आणि आमच्या शेजारच्या काकांना अ‍ॅटॅक आला. पहाटे छातीत जड, घाम, डावा हात दुखत नव्हता, जबडा दुखत होता, म्हणून त्यांना वाटलं गॅस आहे. लिंबू-सोडा प्याले, ओवा खाल्ला, काकींनी पाठीला बाम लावला, दीड तास गेला. शेवटी त्यांच्या मुलाने १०८ बोलावली. पुढचं जे झालं ते मात्र मला गोव्याचा अभिमान वाटावा असं होतं. २०१८ च्या अखेरीस इथे स्टेमी गोवा नावाचा प्रकल्प सुरू झाला (स्टेमी म्हणजे हार्ट अ‍ॅटॅकचा मोठा प्रकार), त्यात बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, मध्यभागी आणि तालुक्यांतली सरकारी हॉस्पिटलं त्याला जोडलेली. लहान हॉस्पिटलात ईसीजी काढला की तो ऑनलाइन जातो, काही मिनिटांत वाचून उत्तर येतं की हा मोठा अ‍ॅटॅक आहे का, आणि असेल तर तिथल्या तिथे रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन देतात, ते बाहेर विकत घ्यायचं तर हजारोंच्या घरात, इथे फुकट, आणि मग रुग्णाला गोमेकॉला हलवतात. आधी काय व्हायचं, माणूस आधी बांबोळीला न्यायचा आणि उपचार तिथे पोचल्यावर. सत्तरी-काणकोण-पेडण्याच्या माणसाने काय करायचं? हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो आणि आपण पर्वरीच्या ट्रॅफिकात. काका वाचले. दीड तास ओव्यात घालवला नसता तर हृदयाचं नुकसान अजून कमी झालं असतं असं डॉक्टर म्हणाले, ते काका अजून कोणाला सांगत नाहीत, सगळ्यांना १०८ चीच गोष्ट सांगतात.

बाबा घाबरले. गोळी सुरू. बरोबर पंधरा दिवस.

मी मोजलेत म्हणून सांगते, पंधरा. सोळाव्या दिवशी मला स्ट्रिपमध्ये कालची गोळी दिसली, मग परवाचीही. भीतीचं आयुष्य एवढंच असतं. आणि तेव्हा मला पटलं की आपल्या निम्म्या जनजागृतीचा पायाच चुकलाय, सगळं भीतीवर नाहीतर उत्साहावर चाललंय. १७ मे ला हायपरटेन्शन डे, २९ सप्टेंबरला हार्ट डे, वॉकेथॉन, टी-शर्ट, फोटो. मी एका वॉकेथॉनला गेले होते, कोणाचा ते सांगत नाही, तीन किलोमीटर चालून झाल्यावर नाश्त्याला पाव-भाजी, मिरची भजी आणि वर खारे शेंगदाणे. मी दोन प्लेट खाल्ल्या, खोटं कशाला बोलू.

याच्या उलट माझी आते. ती दिली सावंतवाडीकडे, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर पण राज्य वेगळं. तिला प्रेशर आहे बरीच वर्षं, आणि तिची गोळी चुकत नाही. मी विचारलं, आते, तुला भीती वाटते म्हणून घेतेस का? तर म्हणे, ‘भिती कसली गो, गोळये संपले काय जातंय हयच सेंटरात, नर्सबाय कार्ड बघता, प्रेशर बघता, म्हयन्याचे गोळये देता, येताना भाजी घेवन येतंय.’ बस. एवढंच. मला वाटलं हे गावचं काहीतरी आहे, पण नंतर वाचलं तेव्हा कळलं की सिंधुदुर्ग हा देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांपैकी एक आहे जिथे आयसीएमआर (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था), केंद्र आणि राज्य सरकारं, डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) यांनी मिळून हायपरटेन्शन कंट्रोलचा कार्यक्रम सुरू केला, २०१७-१८ मध्ये, महाराष्ट्र, केरळ, पंजाब, मध्य प्रदेश, तेलंगणा अशा पाच राज्यांत. त्यात ग्रेट शोध कुठलाच नाही. औषधं दोन-तीनच, ठरलेल्या क्रमाने, म्हणजे डॉक्टर बदलला म्हणून गोळी बदलत नाही. गोळ्यांचा साठा संपता कामा नये. डॉक्टरची वाट न बघता नर्सने प्रेशर मोजून गोळ्या द्यायच्या. महिन्याभराच्या एकदम, घराजवळ. आणि कोण आलं नाही ते अ‍ॅपमध्ये दिसतं, मग त्याला फोन. भारतात प्रेशरवाल्यांपैकी ताब्यात असलेले साधारण दहा-बारा टक्केच धरतात, आणि या कार्यक्रमात नोंदलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचं ताब्यात आलं. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. आतेला हे सांगितलं तर म्हणाली, ‘माका खंय दिल्यानी?’

म्हणून आम्ही घरीही तेच केलं. उपदेश बंद. बाबांच्या पेटीवर एक सात खणांचा प्लास्टिकचा डबा ठेवला, सोमवार ते रविवार. पेटीला हात लावल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही, डबा उचलल्याशिवाय पेटी उघडत नाही. आता आठ महिने झाले, चार-पाच दिवस सोडले तर गोळी चुकलेली नाही.

आता मिठाकडे येते, कारण त्यातलं सोडियम प्रेशर वाढवतं.

डब्ल्यूएचओ म्हणतं माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, सगळं धरून. भारतात आयसीएमआरच्या सर्व्हेत सरासरी निघाली ८ ग्रॅम, पुरुष ९ च्या जवळ आणि बायका ७ च्या. आता तुम्ही दिवसाला किती खाता हे तुम्हाला कसं कळणार? आई मीठ मोजत नाही, आई मीठ ‘घालते’. मुठीने, चिमटीने, वासाने. मग मी पाकिटावर तारीख लिहिली. साधा हिशोब आहे, घरात चार माणसं, मी, आई, बाबा, भाऊ, प्रत्येकी ५ ग्रॅम म्हणजे २० ग्रॅम, किलोचं पाकीट ५० दिवस पुरलं पाहिजे. आमचं पुरलं २४ दिवस. म्हणजे माणशी साडेदहाच्या आसपास. त्यातलं थोडं मासे धुवायला जातं ते मान्य, पण उलट बाजूला लोणची, पापड, खारे बांगडे, सुक्या सुंगटांची किसमूर, चेपणीची तोरं (खारातल्या कैऱ्या) आणि पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पावातलं मीठ यात धरलेलंच नाही. आईने आधी पाकिटावरच संशय घेतला, ‘किलो भरत नसेल.’ काट्यावर घातलं, भरलं.

मग सुरू झाला ‘हे मीठ वाईट, ते मीठ चांगलं’चा खेळ. आमच्याकडे आगरवाड्याची मिठागरं जवळ, जाडं करडं मीठ, आणि आईचा ठाम विश्वास की गावठी मिठाने प्रेशर वाढत नाही, पाकिटातल्या पांढऱ्याने वाढतं. मला मिठागरांबद्दल फार माया आहे, ती एकेक करून पडीक होताहेत, बांध फुटताहेत, ती टिकायलाच हवीत, पण सोडियम ते सोडियम. समुद्राचं असो, सैंधव असो, गुलाबी हिमालयातलं असो. एकच गंमत, जाड्या मिठाच्या खड्यांत पोकळी राहते त्यामुळे चमच्यात वजन कमी बसतं, तेवढाच फायदा. आणि गावठीत आयोडीन घातलेलं नसतं हेही लक्षात ठेवा.

मग भावाने सुपरमार्केटमधून ‘लो सोडियम’ मीठ आणलं, महाग, मोठ्या अभिमानाने. चांगलीच गोष्ट आहे खरं तर. चीनमध्ये ६०० गावांत असं मीठ वाटून अभ्यास केला, २०२१ मध्ये छापून आला, वीस हजारांवर माणसं, आणि पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाला. पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि बाबांची आताची गोळी टेल्मिसार्टन, जी शरीरात पोटॅशियम आधीच धरून ठेवते. किडनी थोडी जरी कमजोर असली तरी रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डब्ल्यूएचओने २०२५ मध्ये या मिठाची शिफारस केली तेव्हाही किडनीवाले, गरोदर बायका, मुलं यांना बाजूला ठेवलंय. डॉक्टरांना विचारलं, म्हणाले रक्त तपासल्याशिवाय नको. पाकीट भाऊ एकटाच संपवतोय, अंड्यावर घालून.

राहता राहिला एकच उपाय, आहे तेच मीठ कमी घालणं. पहिल्या दिवशी आईने एकदम निम्मं घातलं आणि बाबांनी हुमणाची (माशांच्या आमटीची) वाटी पुढे ढकलून मिठाचा सट मागितला, वर दोन चिमटी टाकल्या, म्हणजे होतं तिथेच. मग मी इंग्लंडच्या पावाचं वाचलेलं आईला सांगितलं. तिथे सरकारने कंपन्यांशी बोलून पाव, बिस्किटं, सॉस यातलं मीठ काही वर्षांत जरा-जरा उतरवत नेलं, गिऱ्हाइकाला कळलंच नाही, आणि २०११ पर्यंत लोकांचं सरासरी मीठ साडेनऊ ग्रॅमवरून आठच्या जवळ आलं. जिभेला काही आठवड्यांत कमी खारटाची सवय होते म्हणे. फक्त आपल्याकडे अडचण अशी की त्यांचं बहुतेक मीठ कारखान्यातून येतं आणि आपलं आईच्या मुठीतून, त्यामुळे आपल्याकडे मंत्री-संत्री काही करू शकत नाहीत, जे काय करायचं ते चुलीपाशी. (आणि पोदेरापाशी. त्याला मी अजून विचारलेलं नाही, तो सायकल थांबवतच नाही.)

आईने मग चमचा ठरवला. मूठ बंद. हुमणाला एक चमचा होता, दोन आठवड्यांनी जरासा कमी, अजून दोन आठवड्यांनी अजून जरासा. आंबटपणा मात्र तिने वाढवला, सोलं, तिरफळ, कधी बिंबलं, आंबट असलं की मीठ कमी लागतं हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. बाबांना एका शब्दाने सांगितलं नाही. पुढचं पाकीट ३३ दिवस गेलं, त्याच्या पुढचं ४१. आणि एका लग्नाला गेलो तेव्हा बाबाच म्हणाले, ‘आचाऱ्याचा हात फिरला वाटतं, सोलकढी खारट झालीय.’ आईने माझ्याकडे बघितलं पण नाही, एवढी पक्की.

लंडनचे जेफ्री रोझ म्हणून एक डॉक्टर होते, त्यांचं म्हणणं असं की मोजक्या आजारी माणसांचं खूप कमी करण्यापेक्षा सगळ्यांचं थोडं थोडं कमी केलं तर एकूण जास्त माणसं वाचतात. मला हे वाचल्यापासून आमच्या देवळातला महाप्रसाद दिसायला लागला. चारशे पानं, एकच आचारी, एकच हात. त्याच्या डाळीत दोन मुठी कमी पडल्या तर चारशे माणसांचं एकदम काम. मी आचाऱ्याकडे हा विषय काढला, त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पानं मांडायला निघून गेले. पुढच्या चवथीला आईला पाठवणार आहे.

बाकीचं पटकन. दारू. इथे मार्च उजाडला की उर्राक (काजूची दारू), आणि ‘थोडी घेतली की रक्त पातळ राहतं’ हे ऐकून ऐकून कान किटले, तर दारूने प्रेशर वाढतं, कमी होत नाही. तंबाखूच्या बाबतीत गोव्याने १९९७ मध्येच सार्वजनिक ठिकाणी सिगरेट आणि थुंकण्यावर बंदीचा कायदा केला होता, देशभराचा कायदा २००३ चा. कायदा लवकर आला, पिचकाऱ्या अजून आहेतच. आणि साखर, २०२३ च्या आयसीएमआरच्या मोठ्या सर्व्हेत डायबिटीस असलेल्यांचं प्रमाण सगळ्या देशात गोव्यात जास्त निघालं, २६.४ टक्के, चारातला एक माणूस. प्रेशर आणि शुगर दोन्ही असलं की हृदयाचं आणि किडनीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्यावर एकदा सावकाश लिहीन, त्यासाठी मला आधी स्वतःची शुगर तपासावी लागेल आणि ती मी तीन वर्षं टाळतेय.

एक राहिलं. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण. आई मिस्कुटाला (कैरीच्या लोणच्याला) बसली, मी काटा घेऊन बाजूला. मीठ कमी घाल म्हटलं तर हातातली तोरं टाकून उभीच राहिली, ‘पावसाळाभर टिकायला हवं ना? बुरशी आली तर तू खाशील?’ खरंय तिचं, लोणच्यातलं मीठ चवीचं नसतं, टिकण्याचं असतं, तिथे कापून चालत नाही. मी गप्प. बरणी भरली, दादरा बांधला, फडताळात गेली. संध्याकाळी बघते तर बरणीपाशी नेहमीचा लाकडी डाव नाही, त्याजागी माझ्या लहानपणीचा औषधाचा छोटा चमचा.

काल पेज वाढताना बाबांनी विचारलं, ‘अगं, तो डाव कुठे गेला?’

‘मोडला,’ आई म्हणाली.